हलकी गोळी वाऱ्याने अधिक ढळते का?

वाळलेले पान वाऱ्याने उडते, दगड उडत नाही. कापसाची म्हातारी वाऱ्यावर मैलभर जाते, तिच्यातले बी वेगळे केले तर ते झाडाखालीच पडते. हलक्या वस्तूला वारा सहज ढकलतो, असा आपला सर्वांचा रोजचा अनुभव आहे. सन २००२ मध्ये अमेरिकेतील नेमबाजांमध्ये एक वाद सुरू झाला, तेव्हा पुष्कळांनी हाच अनुभव पुढे केला. त्या वादाचा निकाल शालेय पदार्थविज्ञानाच्या आधारे लावता येतो, आणि तो अनुभवाच्या उलट येतो. तो कसा, हे आपण या लेखात पाहू.

नवे काडतूस

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात ग्रँड आयलंड या गावी हॉर्नेडी नावाची काडतुसे बनवणारी कंपनी आहे. या कंपनीने २००२ साली '.१७ एचएमआर' हे नवे काडतूस बाजारात आणले. '.१७' हा आकडा गोळीच्या जाडीचा निदर्शक असून तो इंचांत आहे. गोळीचा प्रत्यक्ष व्यास सुमारे ४.४ मिलिमीटर, म्हणजे एखाद्या बारीक पेन्सिलीपेक्षाही कमी भरतो. गोळीचे वजन १७ ग्रेन, म्हणजे १.१ ग्रॅम. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर जेमतेम नऊ गुंजा!

हे काडतूस अगदी नव्याने घडवलेले नव्हते. १९५९ साली विंचेस्टर कंपनीने '.२२ मॅग्नम' नावाचे काडतूस काढले होते. त्याचेच पितळी कवच घेऊन त्याची मान आवळण्यात आली आणि त्या अरुंद मानेत लहान गोळी बसवण्यात आली. दोन्ही काडतुसांत ठिणगी पाडणारे स्फोटक द्रव्य कवचाच्या तळाच्या कडेत भरलेले असते. चाप ओढला की त्या कडेवर आघात होतो, आतली दारू पेटते आणि तापलेला वायू गोळीला नळीतून पुढे रेटतो.

दारू जवळजवळ तेवढीच, पण ढकलायची गोळी निम्म्याहून हलकी. तेव्हा वेग वाढणार हे उघड आहे. .२२ मॅग्नमची ४० ग्रेन (२.६ ग्रॅम) वजनाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ५८० मीटर वेगाने निघते, नव्या काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे ७७७ मीटर वेगाने. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, म्हणजे ही गोळी ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने धावते. नळीच्या आतल्या पेचदार खाचांमुळे ती स्वतःभोवती फिरतही असते. या बंदुकांच्या नळीत साधारणपणे दर ९ इंचांत एक पूर्ण पेच असतो. त्यावरून हिशेब केला तर गोळी मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेते, असे दिसून येते.

अमेरिकेत या काडतुसाचा उपयोग मुख्यतः कुरणे व शेते पोखरणाऱ्या लहान प्राण्यांविरुद्ध केला जातो. जमिनीत बिळे करणाऱ्या खारी, वुडचक, प्रेअरी डॉग हे ते प्राणी. (प्रेअरी डॉग हा नावापुरताच कुत्रा, प्रत्यक्षात तो खारीच्या कुळातला.) शेतकरी व शिकारी या सर्वांना मिळून 'व्हार्मिंट', म्हणजे उपद्रवी प्राणी, असे म्हणतात. हे प्राणी आकाराने लहान आणि अतिशय सावध असल्यामुळे नेम लांबूनच धरावा लागतो आणि तो थोडाही चुकून चालत नाही.

नेमबाज काय म्हणाले?

नव्या काडतुसाबद्दल मते लगेच दोन बाजूंना गेली. त्यांचा सारांश असा :

एक, "हिची गोळी सरळ जाते. शंभर यार्डांवर नेम वर धरण्याची फारशी गरज पडत नाही."

दोन, "सरळ जात असेल, पण एवढीशी गोळी वारा उडवून लावील."

तीन, "एवढ्याशा गोळीत जोर तो किती असणार?"

चार, "ही गोळी जमिनीवर आपटली की तिचे तुकडे होतात, त्यामुळे ती उसळून भलतीकडे जाण्याचा धोका कमी आहे."

या चारही विधानांची आपण क्रमाने परीक्षा करू.

सरळ जाते म्हणजे काय?

काटेकोरपणे पाहिले तर कोणतीही गोळी सरळ जात नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. टेबलावरून ढकललेले नाणे पडते तशीच. आडव्या वेगाचा या पडण्यावर परिणाम होत नाही. हा विचार गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला होता. किती काळ हवेत घालवला, यावर पडझड अवलंबून असते. मीटरमध्ये उत्तर हवे असेल तर काळाच्या (सेकंदांच्या) वर्गाला ४.९ ने गुणावे.

१०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. एवढे अंतर कापताना नव्या गोळीचा वेग ७७७ वरून ५७९ वर येतो. सरासरी सुमारे ६७८ धरली तर वेळ लागतो ०.१३५ सेकंद. .२२ मॅग्नमच्या गोळीचा वेग त्याच अंतरात सुमारे ५८० वरून ४१० वर येतो. तिला वेळ लागतो ०.१८५ सेकंद. आता सूत्र वापरा. पहिली गोळी सुमारे ९ सेंटिमीटर पडेल, दुसरी सुमारे १७ सेंटिमीटर. (हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्ष आकडे किंचित कमी येतात, पण तुलनेत फरक पडत नाही.) वेळ दीडपटीहूनही कमी वाढला, पण पडझड मात्र जवळजवळ दुप्पट झाली. हा वर्गाचा परिणाम होय.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. ९१ मीटर अंतर तोडून झाल्यावर नव्या गोळीचा जो वेग उरतो, जवळजवळ त्याच वेगाने .२२ मॅग्नमची गोळी प्रवासाला निघते!

म्हणजे पहिले विधान खरे ठरले. गोळी 'सरळ' जात नाही, पण पडायला तिला वेळ कमी मिळतो. लक्ष्याचे अंतर ओळखण्यात नेमबाजाची थोडी चूक झाली तरी ती पदरात घेण्याइतकी सवड यामुळे मिळते.

हवा आडवी येते तेव्हा

दुसरे विधान वाऱ्याविषयीचे. त्याकडे वळण्यापूर्वी हवेच्या विरोधाची ओळख करून घ्यायला हवी. हवा एवढी विरळ आहे की तिने जड गोळीला काय विरोध करावा, असे पूर्वी मानले जाई. इंग्लंडमधील बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही समजूत खोडून काढली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर त्याने गोळी झाडली आणि ठोकळा किती मागे झोका घेतो ते मोजून गोळीचा वेग काढला. ठोकळा वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून हेच केल्यावर त्याला आढळले, की मोठ्या वेगाच्या गोळीला होणारा हवेचा विरोध कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक आहे.

हा विरोध कशावर अवलंबून असतो? गोळीच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, तिच्या आकारावर, वेगावर आणि हवेच्या घनतेवर. गोळी त्याला कितपत दाद देईल हे तिच्या वस्तुमानावरून ठरते. .२२ मॅग्नमच्या गोळीत छेदाच्या दर चौरस मिलिमीटरमागे सुमारे १०२ मिलिग्रॅम वस्तुमान असते; .१७ च्या गोळीत केवळ ७३. या हिशेबाने लहान गोळी फारच मागे पडायला हवी. परंतु तिचे टोक प्लॅस्टिकचे, अणकुचीदार असून ती हवा चांगली कापते. .२२ मॅग्नमची नेहमीची गोळी बोथट असते. आकाराने मिळवून दिलेला फायदा वस्तुमानातला तोटा भरून काढतो, आणि दोघींचा वेग जवळजवळ सारख्याच प्रमाणात घटतो.

फुग्यातला प्रवासी

आता वाऱ्याचा प्रश्न. समजा, नेमबाज उत्तरेकडे तोंड करून उभा आहे आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे सेकंदाला ४.५ मीटर (ताशी सुमारे १६ किलोमीटर) वेगाचा वारा वाहतो आहे. वारा गोळीला किती ढकलील?

हा प्रश्न सोपा करण्याची एक युक्ती आहे. आपण वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या एका फुग्यात बसलो आहोत अशी कल्पना करा. आपल्याला वारा मुळीच जाणवणार नाही. आपल्या दृष्टीने हवा स्थिर आहे. जमीन, नेमबाज व लक्ष्य हेच सेकंदाला ४.५ मीटर वेगाने पश्चिमेकडे सरकत आहेत. सरकत्या बंदुकीतून सुटलेली गोळीही तेवढीच पश्चिमेकडे कललेली दिसेल, म्हणजे उत्तरेकडे ७७७ मीटर जाताना ती ४.५ मीटर पश्चिमेकडे जाईल. हवा स्थिर असल्याने ती गोळीला फक्त मागे खेचते, बाजूला ढकलत नाही. म्हणून गोळीचा वेग घटला तरी तिची तिरपी रेषा बदलत नाही.

आता आकडे घाला. उत्तरेकडे ९१ मीटर जाईपर्यंत .१७ ची गोळी सुमारे ५३ सेंटिमीटर पश्चिमेकडे जाईल. यासाठी तिला ०.१३५ सेकंद लागले. तेवढ्या वेळात लक्ष्य पश्चिमेकडे सुमारे ६१ सेंटिमीटर सरकले! गोळी लक्ष्याच्या मागे, म्हणजे पूर्वेला, ८ सेंटिमीटर राहिली. जमिनीवरचा नेमबाज म्हणतो, "वाऱ्याने गोळी ८ सेंटिमीटर ढळली." फुग्यातला प्रवासी म्हणतो, "हवेने गोळीला उशीर केला, म्हणून लक्ष्य निसटले." दोघेही एकच गोष्ट सांगत आहेत.

हाच हिशेब .२२ मॅग्नमसाठी करा. तिची गोळी पश्चिमेकडे सुमारे ७१ सेंटिमीटर जाईल, लक्ष्य सरकेल सुमारे ८३ सेंटिमीटर. फरक १२ सेंटिमीटर. म्हणजे अडीच पट जड असलेली गोळी वाऱ्याने दीडपट ढळली!

यातून मिळणारा नियम असा : हवा नसती तर गोळीला जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा प्रत्यक्षात किती अधिक लागला ते पाहावे. या जादा वेळाला आपण 'विलंब' म्हणू. विलंबाला वाऱ्याच्या आडव्या वेगाने गुणले की ढळ मिळते. वजन या नियमात थेट कुठेच येत नाही. ते येते ते विलंबाच्या आडून. पान हलके असल्यामुळे उडते, हे खरे. पण त्याचे कारण असे की हवा त्याला क्षणात आपल्याबरोबर घेऊन जाते. टोकदार, वेगवान गोळीच्या बाबतीत हवेला तेवढी संधीच मिळत नाही.

मग वेग वाढवला की काम झाले का?

नाही. घाईने असा निष्कर्ष काढू नये. .२२ लाँग रायफल हे १८८७ पासून चालत आलेले साधे काडतूस घ्या. त्याचे दोन प्रकार मिळतात : एकाची गोळी ध्वनीपेक्षा थोड्या अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे ३८० मीटर, निघते, दुसऱ्याची ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाने, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर. ९१ मीटरवर वाऱ्याने जास्त ढळते ती वेगवान गोळी! ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम चढतो. वेगवान गोळी तेथेच सापडते आणि आपला वेग झपाट्याने गमावते. पोचते ती आधीच. परंतु हवा नसती तर जेव्हा पोचली असती, त्याच्या तुलनेत तिला उशीर अधिक होतो.

ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल स्पर्धेत हेच ५.६ मिलिमीटर व्यासाचे काडतूस वापरतात, आणि तेथे नेमबाज हळू गोळीचीच निवड करतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, ते याच काडतुसाच्या बंदुकीने. तेथे अंतर ठाऊक असते, लक्ष्य हलत नाही. म्हणून 'सरळ' जाणाऱ्या गोळीची गरज नसते. दर वेळी एकसारखी जाणारी गोळी हवी असते. काम बदलले की चांगल्या गोळीची व्याख्याही बदलते.

जोर किती?

तिसऱ्या विधानात मात्र तथ्य आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. नळीच्या तोंडाशी .१७ च्या गोळीची ऊर्जा सुमारे ३३२ ज्यूल भरते, .२२ मॅग्नमची सुमारे ४३६. ९१ मीटरवर पहिलीची सुमारे १८४ उरते, दुसरीची सुमारे २१८. सुमारे १८३ मीटर (२०० यार्ड) अंतरावर .१७ च्या गोळीचा वेग सेकंदाला ४२० मीटर आणि ऊर्जा शंभर ज्यूलहूनही कमी असते. म्हणजे निम्म्याहून अधिक ऊर्जा हवा तापवण्यात आणि ढवळण्यात गेली.

तुलनेसाठी सांगतो : ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा सुमारे १२० ज्यूल असते. आकडे जवळचे वाटतात, पण चेंडूची ऊर्जा तळहाताएवढ्या जागेवर पसरते आणि गोळीची अवघ्या १५ चौरस मिलिमीटरवर एकवटते. म्हणून 'लहान' या शब्दाने फसू नये. त्याचबरोबर, कोल्ह्यासारख्या मोठ्या प्राण्यावर दूरवरून ही गोळी झाडली तर तो लगेच न मरता जखमी होऊन तडफडत राहण्याचा संभव असतो, ही अनुभवी शिकाऱ्यांची तक्रार ऊर्जेच्या या हिशेबाशी जुळते. पुढे २० ग्रेनची, थोड्या कमी वेगाची आणि सहज न फुटणारी गोळीही बाजारात आली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठी.

तुकडे आणि त्यांचे पुढे काय?

चौथे विधान अर्धे खरे आहे. गोळीचे वेष्टन पातळ, आतले शिसे मऊ आणि वेग व फिरकी प्रचंड. त्यामुळे जमिनीवर आपटताच ती बहुधा फुटते. अखंड गोळी उसळण्याचा धोका यामुळे कमी होतो, पण नाहीसा होत नाही. आणि जी गोळी काहीच न लागता पुढे निघून गेली, ती एक किलोमीटरपलीकडेही जाऊन पडू शकते. लक्ष्यामागे मातीचा बांध किंवा टेकाड नसेल तर गोळी झाडू नये, हा नियम लहान गोळीलाही तितकाच लागू आहे.

फुटलेल्या गोळीचे बारीक तुकडे मेलेल्या प्राण्याच्या शरीरात राहतात. असे मृत प्राणी पुष्कळदा रानातच सोडून दिले जातात. गरुड, ससाणे त्यांवर येतात, आणि त्यांच्या पोटात शिसे जाते. शिसे हे विष आहे. या कारणास्तव कॅलिफोर्निया राज्याने २०१३ साली कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तेथे शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी आहे. .१७ एचएमआर काडतुसासाठी शिसे नसलेली १५.५ ग्रेनची गोळीही निघाली. तांब्यासारखे धातू शिशापेक्षा कमी घनतेचे असल्याने तेवढ्याच आकाराची गोळी हलकी होते, आणि हवेच्या विरोधाचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो.

आणखी एक गोष्ट. 'उपद्रवी' हा शब्द प्राणिशास्त्रातला नव्हे, तो माणसाचा आहे. काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारख्या लांबट अंगाचा दुर्मिळ प्राणी जवळजवळ सर्वस्वी प्रेअरी डॉगवर जगतो. तो नामशेष झाला असेच समजले जात होते. १९८१ साली वायोमिंग राज्यात त्याची एक लहानशी वस्ती सापडली. प्रेअरी डॉगची संख्या फार घटली तर अशा प्राण्याचे अन्नच तुटते. गोळी अचूक जाते की नाही हे पदार्थविज्ञान सांगते. ती झाडावी की नाही, हे ठरवताना अशा गोष्टीही पाहाव्या लागतात.

वर्गात करून पाहा

१) टेबलाच्या काठावर एक मोजपट्टी अशी ठेवा की तिचे एक टोक बाहेर येईल. त्या टोकावर एक नाणे ठेवा व दुसरे नाणे टेबलाच्या काठाशी, पट्टीला लागून ठेवा. पट्टीला आडवा झटका द्या. पट्टीवरचे नाणे सरळ खाली पडेल, काठावरचे दूर फेकले जाईल. डोळे मिटून आवाज ऐका. दोन्ही नाणी एकाच वेळी फरशीवर पडल्याचे कळेल. टेबल बदलून, झटका कमीजास्त करून पुन्हा पाहा.

२) .१७ ची गोळी १८३ मीटर अंतर सुमारे ०.३१८ सेकंदांत कापते. हवा नसती तर तिला ०.२३५ सेकंद लागले असते. सेकंदाला ४.५ मीटर वेगाच्या आडव्या वाऱ्यात ती किती ढळेल? (उत्तर : सुमारे ३७ सेंटिमीटर.) अंतर दुप्पट झाल्यावर ढळ किती पट झाली ते काढा, आणि ती केवळ दुप्पट का झाली नाही याचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.

३) वारा आडवा न वाहता नेमबाजाच्या पाठीमागून वाहत असेल तर काय होईल? पुन्हा फुग्यात बसा आणि विचार करा.